खटक्याची पेटी

नगरच्या नागापूर एमआयडीसीत पाण्याच्या टाक्या बनवणारा एक लहानसा कारखाना होता. माधुरी भिंगारदिवे तिथे चौदा वर्षं ड्रॉइंग काढायचं काम करत होती. आयटीआय झालेली, मोजकं बोलणारी, कानामागे पेन्सिल खोचून साच्यांच्या मधून हिंडणारी बाई. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण शुभांगी आणि शुभांगीची साडेचार वर्षांची जुई यांच्याबरोबर ती सावेडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. शुभांगी एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिची ड्युटी असेल तेव्हा जुई मावशीपाशी.

टाक्यांचा धंदा मंदावला तसं मालक आप्पासाहेबांनी माधुरीला बोलावून सांगितलं, "घरात लागतील अशा वस्तू काढ. रंगीत, टिकाऊ, ओढता येतील अशा." माधुरी कामाला लागली. मळक्या कपड्यांच्या जाळीदार टोपल्या काढल्या, एकात एक बसणारे डबे काढले, गॅलरीत दुमडून ठेवता येईल असा धुण्याचा स्टँड काढला. माल बरा खपला. पण तिच्या मनात पहिल्यापासून एक वेगळीच वस्तू होती.

तिचे वडील भीमराज मूळचे पाथर्डी तालुक्यातले. माधुरी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी दोन हंगाम ऊसतोड केली होती. उसाच्या पाचटाच्या त्या खोपटांना कोपी म्हणतात. कोपीत कपडे ठेवायला जागा नसते. गाठोडं बांधून आढ्याला टांगायचं, नाहीतर गोधड्यांखाली कोंबायचं. उंदरांनी तिचा शाळेचा एकुलता एक फ्रॉक कुरतडून चाळणी केला होता, आणि अवकाळी पाऊस आला की चार माणसं ओल्या गोधडीत कुडकुडत बसायची. पुढे वडिलांना नगरात हेल्परची नोकरी लागली आणि ते दिवस संपले. पण ओल्या वाकळेचा वास तिच्या नाकातून गेला नाही.

म्हणून तिने ती पेटी काढली. कमरेएवढी उंच, टाकीच्याच जाड प्लास्टिकची, खाली चार चाकं आणि पुढे दोर, म्हणजे मुक्काम हलला की एकटी बाईसुद्धा ओढत नेईल. आत तळाला गोधड्या आणि चांगले कपडे. वरच्या बाजूला अडकवलेली जाळीची टोपली, मळकं धुणं टाकायला. टोपली उचलायची आणि थेट कालव्यावर धुवायला न्यायची. झाकणाला सगळीकडून रबरी पट्टी, की मुंगीसुद्धा आत शिरू नये. आणि खटका असा, की झाकण नुसतं पडलं तरी आपोआप बसावा. बाईचे दोन्ही हात भरलेले असतात, ती झाकण लावत बसणार नाही, हे माधुरीला ठाऊक होतं. खटका उघडायचा तो मात्र बाहेरून, अंगठ्याने दाबून. या दोन गोष्टींचा, रबरी पट्टीचा आणि खटक्याचा, तिला फार अभिमान होता.

साचे बसवणारे शलमोनकाका कारखान्यातले सर्वांत जुने कामगार. त्यांनी पहिली पेटी साच्यातून काढली, टकटक करून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, हिच्यात पाणी भरलं तरी थेंब गळायचा नाही." आप्पासाहेबांनी पेटीत आपला धुतलेला सदरा ठेवून वरून चार बादल्या पाणी ओतलं. सदरा कोरडा निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीगोंद्याच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याने आपल्याकडच्या तोडणी कामगारांना वाटायला एकशेसाठ पेट्या मागवल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या. वाटपाचे फोटो माधुरीच्या मोबाईलवर आले. निळ्या पेट्यांशेजारी उभ्या राहिलेल्या बाया, कडेवर पोरं, डोळ्यांवर ऊन. तिने ते फोटो किती वेळा पाहिले असतील, तिचं तिलाच माहीत.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, ती घरात जुईबरोबर लपाछपी खेळत होती. राज्य माधुरीवर होतं. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तिने पन्नासपर्यंत आकडे म्हटले आणि वळणार तोच फोन वाजला. आप्पासाहेब होते. आवाज आनंदाने चढलेला. आणखी एका साखर कारखान्याला दोनशे पेट्या हव्या होत्या. रंग कोणते, चाकं मोठी करता येतील का, कधी देऊ शकू. माधुरी खिडकीशी उभी राहून बोलत राहिली. सात मिनिटं. नंतर तिने फोनमध्ये पाहिलं तेव्हा तो आकडा तिथे होता.

फोन ठेवून ती हसत हसत शोधायला निघाली. "कुठे गेली आमची जुई? पलंगाखाली तर नाही?" पलंगाखाली नव्हती. दारामागे नव्हती. कपाटात, गॅलरीत, पडद्याआड, कुठेच नव्हती. मोरीशेजारी मळक्या कपड्यांनी भरलेली जाळीची टोपली जमिनीवर ठेवलेली होती. ती ओलांडून माधुरी मोरीत डोकावली. तिथेही नाही.

"जुई, हरले मी. ये बाहेर."

घर गप्प होतं. पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरची एक रिक्षा, एवढेच आवाज. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली होती. म्हणजे पोर घरातच. मग उत्तर का देत नाही? गॅलरीत जाऊन माधुरीने कठड्यावरून खाली पाहिलं. पाहायच्या आधी डोळे मिटले, मग उघडले. खाली कोणी नव्हतं. ती परत आत धावली आणि पुन्हा तीच टोपली ओलांडून मोरीत गेली, पुन्हा बाहेर आली.

तिसऱ्यांदा ओलांडताना टोपलीला पाय अडखळला तेव्हा ती थांबली. ही टोपली खाली कशी? ही तर पेटीत असते.

पेटी टोपलीपासून तीन हातांवर, भिंतीला लागून उभी होती. कारखान्यातून आणलेला नमुना. झाकण बंद. खटका बसलेला.

खटका दाबताना माधुरीचा अंगठा दोनदा घसरला. झाकण उघडलं तशी आतून गरम, दमट वाफ तिच्या तोंडावर आली. जुई गुडघे पोटाशी घेऊन कलंडलेली होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ जांभळट, डोळे अर्धे उघडे, पण ते कुणाकडे पाहत नव्हते. झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या बोटांचे ओघळ होते.

माधुरीने तिला काखेत धरून बाहेर ओढलं, फरशीवर झोपवलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. काहीच नाही. मग एक खोल, खरखरीत श्वास आला, दुसरा आला, आणि पोर ओकली. ओकून झाल्यावर रडायला लागली. माधुरी तिथेच भिंतीला टेकून बसली आणि जुईला छातीशी धरून डुलत राहिली.

"मी खूप ओरडले मावशी," जुई हुंदके देत म्हणाली. "तू आलीच नाहीस."

जाड प्लास्टिक, घट्ट झाकण. आवाज बाहेर येईल कुठून?

शुभांगीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जुईला तपासलं, ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि काळजीचं कारण नाही म्हणाले. शुभांगी रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "किती वेळ होती आत?"

"नऊ-दहा मिनिटं असेल."

"अजून पाच गेली असती ना ताई..." शुभांगीने वाक्य तोडलं. जुईचा हात हातात घेऊन ती खाली बघत राहिली. मग एकदम मान वर करून म्हणाली, "किती पेट्या गेल्यात तुमच्या?"

खरं तर झाकण उघडल्या क्षणापासून माधुरी हाच आकडा मनातून ढकलत होती. एकशेसाठ. आणि त्या कुठे गेल्या होत्या? जिथे आईबाप अंधार असतानाच उसाच्या फडात तोडणीला जातात आणि दिवसभर पोरंच पोरांना सांभाळतात, तिथे. ती स्वतः अशीच सांभाळली गेली होती. कोपीत लपाछपी खेळायला जागाच नसते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आता तिनेच त्यांना जागा करून दिली होती.

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिने मुकादमाचा नंबर लावला. गोरक्ष त्याचं नाव. टोळ्या आणणं, कामाला लावणं त्याच्याकडे. चौथ्यांदा फोन उचलला गेला.

"पोरांना पेटीपासून लांब ठेवा," माधुरी म्हणाली. "झाकण पडलं की आतून उघडत नाही. जीव जाईल. आज सगळ्यांना सांगा."

"सांगतो की म्याडम. पन तुमी उगं घाबरताय. बाया लई खूश हायत पेटीवर."

"एखाद्या पोराला काही झालंय का?"

"न्हाई न्हाई. तसं काय असतं तर कळलंच असतं की."

त्यानंतर तिने आप्पासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पोर बरी आहे ना? देवाची कृपा. आता पुढच्या मालाला भोकं पाडू. पण गेलेल्या मालाविषयी तू कुठे बोलू नकोस. टाक्यासुद्धा कोणी घेणार नाही आपल्या."

"साहेब, मी उद्या तिकडे जाते."

"कशाला? काही झालेलं नाही तिथे."

"झालेलं नाही हे बघायलाच जाते."

सोमवारी सकाळी शलमोनकाका मोटारसायकल घेऊन सावेडीत दारात उभे. पाठीवरच्या पिशवीत बॅटरीवरचं ड्रिल मशीन, दोन जादा बॅटऱ्या, पेचकस. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी माधुरीने त्यांना फक्त घडलेलं सांगितलं होतं. "साचा मी बसवलाय," ते म्हणाले. "बस मागे."

थंडीचा वारा अंगाला झोंबत होता. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या. ट्रॉलीवर एखादं लहान पोर बसलेलं दिसलं की माधुरीला वाटायचं, हे तरी बाहेर आहे. तिचं डोकं असंच चालायला लागलं होतं.

नऊच्या सुमारास ते तळावर पोचले. सपाट माळावर कोप्यांच्या रांगा, विझत आलेल्या चुली, बैलांच्या रिकाम्या दावणी. मोठी माणसं सगळी फडात. एक म्हातारी उन्हात पाठ शेकत बसलेली. बाकी नुसती पोरं. आणि प्रत्येक कोपीच्या तोंडाशी निळी पेटी, झाकण लावलेली.

माधुरी पहिल्या कोपीपाशी गेली आणि तिला हात पुढे करवेना. पेटी बंद होती. आत काय असेल? गोधड्या असतील, कपडे असतील. तिने खटका दाबला. गोधड्याच होत्या. दुसऱ्या पेटीत ज्वारीचं पीठ आणि धुणं. तिसरी अर्धी रिकामी. त्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे तिला बघवेना. प्रत्येक झाकण ती श्वास रोखून उघडायची. मागून शलमोनकाका ड्रिल चालवत होते. झाकणाला सहा भोकं, दोन्ही बाजूंना सहा सहा, मग पेचकसाने खटका काढून पिशवीत. पोरं भोवती गोळा झाली आणि ड्रिलमधून उडणारं निळं भुसकट झेलायला लागली.

तिसऱ्या रांगेत तिला वेगळंच दिसलं. पेट्यांच्या खटक्यात चिंध्या कोंबलेल्या होत्या. एका पेटीला, दुसऱ्या पेटीला, पार रांगेच्या टोकापर्यंत. झाकणं नुसती टेकलेली.

"हे कोणी केलं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग तेलकट वेण्यांची एक दहा वर्षांची मुलगी पुढे आली. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ होता. साक्षी तिचं नाव.

"म्या," ती म्हणाली. "रागावू नका. पेटी मोडली न्हाई आमी."

"रागावत नाही गं. का केलंस, सांग."

साक्षीने मागे वळून म्हातारीकडे पाहिलं. ती ऐकत नाही अशी खात्री झाल्यावर हळू आवाजात बोलली, "ती पेटी वाईट हाय. त्यात शेजारची तायडी कोंडली हुती."

माधुरीने शेजारच्या कोपीच्या मेढीला हात लावला. "कधी?"

"लई दिस झालं. मागल्या बाजाराच्या बी आधी. आमी लपत हुतो. समदी घावली, तायडीच घावंना. आमी तिकडं वढ्यापोत्तर गेल्तो बघाया. मग ह्यो," तिने कडेवरच्या भावाला वर सरकवलं, "ह्यो पेटीवर हात आपटाया लागला. म्हनून म्या उघडली."

"मग?"

"काळीनिळी झाल्ती. उठंचना. आमी तोंडावर पानी मारलं. लई वेळानं उठली."

"तिच्या आईला सांगितलंत?"

साक्षीने मान हलवली. "मारलं असतं. तायडीला सांबाळायचं माज्याकडं असतंय. आमी सांगितलं, उनात चक्कर आली."

दहा वर्षांच्या पोरीने जे पाहिलं ते आपल्यापुरतं समजून घेतलं होतं आणि आपल्या रांगेतल्या अकरा पेट्यांचे खटके एकटीने निकामी करून टाकले होते. दुसऱ्या रांगांत जायची तिला भीती वाटली, कारण तिथली माणसं दुसऱ्या गावची.

तायडी कोपीच्या सावलीत बसली होती. चार वर्षांची, बारीक मानेची. माधुरी तिच्यासमोर बसली. पोरीने तिच्याकडे पाहिलं, पण नजर जरा उशिराने आली. उभी राहायला सांगितल्यावर राहिली, आणि दोन पावलं टाकून एका अंगाला कलली.

"अशीच चालते का गं ही?" माधुरीने साक्षीला विचारलं.

"आधी पळायची बी," साक्षी म्हणाली आणि भावाच्या डोक्यात तोंड लपवून रडायला लागली.

शलमोनकाकांनी ड्रिल बंद केलं. माधुरीने शुभांगीला फोन लावला. पलीकडून शुभांगी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "आजच आण. उद्यावर टाकू नकोस."

पण आईला विचारल्याशिवाय पोर न्यायची कशी? गोरक्षला फोन केला, निरोप फडात पोचला, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा तायडीची आई कडूबाई उसाच्या शेंड्यांचा, वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन आली. पंचविशीची बाई, हातांना पाचटाचे ओरखडे. अनोळखी माणसं पाहून तिने भारा टाकला आणि धावत येऊन आधी तायडीला उचललं.

"काय झालं? कोन तुमी?"

वाटेत येताना माधुरीने मनाशी वाक्यं जुळवली होती. कारखान्याकडून आलोय, पेट्या तपासायच्या आहेत. त्या वाक्यांमागे लपता आलं असतं. कडूबाईला लेकीच्या दुखण्याचं कारण कधीच कळलं नसतं. ऊन लागलं, दृष्ट लागली, एवढ्यावर तिचं समाधान झालं होतं.

"ही पेटी मी बनवली," माधुरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "झाकण लागलं की आत हवा जात नाही. तुमची लेक आत अडकली होती. तिला ऊन लागलं नव्हतं. माझ्या पेटीमुळे झालं ते. साक्षीला मारू नका, तिने तुमच्या लेकीला वाचवलं."

कडूबाईला पहिल्यांदा उमगलंच नाही. तिने पेटीकडे पाहिलं, साक्षीकडे पाहिलं, मग माधुरीकडे. मग तिने तायडीला इतकं घट्ट आवळलं की पोर कण्हली.

"तुमी केली व्हय?" ती म्हणाली. "आन मी मोबाईलवर हिच्या मामाला दाखवली हुती. बग म्हनलं, कशी भारी पेटी दिली आमाला." ती थांबली. माधुरीला वाटलं, आता ही आपल्याला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. पण कडूबाई म्हणाली, "तुमाला काय बोलायचं ती मागनं बोलीन. आदी दवाखाना कुटं हाय ती सांगा."

गोरक्षने जीप आणली. आदल्या दिवशी फोनवर हसणारा हा माणूस आता कोणाशी नजर मिळवत नव्हता. रात्री त्याने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. कडूबाई आणि तायडीबरोबर माधुरी नगरला निघाली. शलमोनकाका मागेच राहिले. "मी एकेक पेटी उरकतो," ते म्हणाले. "तू जा."

जीपमध्ये तायडी आईच्या मांडीवर झोपली. ती हलली नाही की कडूबाई तिच्या नाकाशी बोट धरायची. माधुरीचंही लक्ष त्या बोटाकडे. कडूबाईने बोट काढलं की माधुरीला कळायचं, श्वास आहे.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मेंदूला हवा कमी पडून इजा झाली होती, पण पोर लहान आहे, इजा बरीचशी भरून निघेल, असं ते म्हणाले. "बरीचशी म्हणजे?" माधुरीने विचारलं. डॉक्टरांनी हात उलटा केला. ते आजच सांगता येणार नव्हतं.

आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. दारातून आत न येता बाकावर बसून राहिले. माधुरीने साखर कारखान्याला लिहिलेलं पत्र त्यांच्यापुढे धरलं. पेटीत काय चूक आहे, काय घडलं, आणि सगळ्या पेट्या ताबडतोब का उघड्या ठेवायच्या, हे सगळं त्यात होतं. खाली ड्रॉइंग करणारी म्हणून तिचं नाव आणि सही. नोकरी जाणार हे तिने धरूनच चाललं होतं. आप्पासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. कपाळावरचा घाम पुसला. "तुझ्याकडे पेन आहे का?" त्यांनी विचारलं, आणि तिच्या सहीखाली स्वतःची सही केली.

एक टोळी तोवर कोपरगावकडे हलली होती. तिच्याबरोबर नऊ पेट्या गेल्या होत्या. बुधवारी माधुरी आणि काका तिकडे गेले. आठ सापडल्या. नववी ट्रॉलीवरून पडून चाकाखाली चिरडली, असं टोळीवाले म्हणाले. माधुरीला ते पटेना. "तुकडे दाखवा," ती म्हणाली. लोक हसले, पण तिने सोडलं नाही. शेवटी एकाने नेऊन उकिरड्यावरचे निळे तुकडे दाखवले. ती तिथे उकिडवी बसली आणि तुकडे जुळवून झाकण पुरं होतं का ते पाहू लागली. ते पुरं झालं, खटक्यासकट, तेव्हा कुठे उठली.

भोकांतून उंदीर शिरतात अशी बायांची तक्रार आली. ती खरीच होती. पुढच्या खेपेला काकांनी बारीक तारेची जाळी कापून आणली आणि दोघांनी मिळून भोकाभोकावर ती ठोकली.

त्यानंतर माधुरीचं काम बदललं. नवी पेटी काढायला तिला आठ महिने लागले. आधी ती वस्तूत काय मावेल हे कागदावर मांडायची. आता पहिली रेघ ओढायच्या आधी तिला आतला अंधार दिसायचा. लहान पोर आतून किती जोराने ढकलू शकेल हे पाहायला तिने जुईला उशीवर तळहात ठेवून ढकलायला लावलं, खाली स्प्रिंगचा वजनकाटा धरून. जुईला पुन्हा पेटीत बसवायची कल्पनासुद्धा तिला सहन झाली नसती. नव्या पेटीला खटका नव्हता. झाकण दोन तुकड्यांचं, बिजागरीवर सैल बसणारं, आणि चारही बाजूंना जाळीची खिडकी. पावसाचं थोडं पाणी आत जायचं. जाऊ दे, ती म्हणाली. घरातला नमुना तिने केव्हाच करवतीने कापून टाकला होता. तरी जुई दोन हाकांत ओ देत नसली की तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं.

पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर, ती नव्या पेट्या घेऊन त्याच माळावर गेली. बायांनी पेट्या घेतल्या. कडूबाईने घेतली नाही. तिने कपड्यांचं गाठोडं बांधून आढ्याला टांगलं होतं. "तुमचा राग न्हाई," ती म्हणाली. "पन झाकनाचं काय बी नगं मला. डब्याचं टोपन लावायची म्हनलं तरी मी आत बघती."

"मीसुद्धा," माधुरी म्हणाली.

कडूबाईने चहा टाकला. दोघी चुलीशी बसल्या. तायडी आता नीट चालत होती, पळतही होती, आणि साक्षीच्या मागे मागे हिंडून तिला भंडावत होती. माधुरी तिच्यावरची नजर काढत नव्हती. पोरीने उसाचं कांडं उचललं, दातांनी सोललं, खाल्लं. मग खडा घेऊन जमिनीवर रेघा मारायला बसली. सगळं डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडलेला.

माधुरीने विचारलं, "ही पहिल्यापासून डावरी आहे का हो?"

कडूबाईने चहा ओतता ओतता लेकीकडे पाहिलं.

"काय की," ती म्हणाली. "तवा मी ध्यानच दिलं न्हवतं."

तिने कप माधुरीपुढे सरकवला, आणि मग त्या दोघी तायडीच्या उजव्या हाताकडे बघत बसल्या, तो आता हलेल, मग हलेल म्हणून.